उकिरड्यातून बाग

आपल्या बारामती-इंदापूर भागात जमिनीच्या दोनच जाती सांगतात, बागायत आणि जिरायत. सोयरीक जमवताना, सोसायटीचे कर्ज मागताना, बांधावर भांडताना हे दोन शब्द रोज आपल्या कानावर पडतात. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या बाजूला खेळू लागले. तेव्हापासून कालव्याच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला कुसळे, असे आपल्या तालुक्यांचे दोन तुकडे पडलेले आहेत.

हे दोन्ही शब्द आपल्या मराठीत बाहेरून आले. 'बाग' फारसी आहे, 'जिरायत' अरबीतल्या 'जिराअत' म्हणजे शेती या शब्दावरून आला. 'हौद' अरबी, 'गुलाब' फारसी. आणि ज्याच्याशिवाय यांतले काहीच उगवत नाही ती 'मशागत'? तीही अरबी 'मशक्कत' म्हणजे कष्ट या शब्दाचेच मराठी रूप आहे. शब्द जिथे जातात तिथे माणसांचे हात आधी गेलेले असतात.

माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर बागवान आडनावाची मुले आहेत, तांबोळी आहेत, अत्तार आहेत. पूर्वज बाग राखीत, पानाचा व्यापार करीत, फुलांचा अर्क काढीत, म्हणून ही नावे पडली. आज मात्र यातल्या कित्येक मुलांच्या घरी तुळशीएवढ्या कुंडीलाही जागा नाही. एकदा मी वर्गात विचारले, "बागवान म्हणजे काय रे?" एक मुलगा चटकन म्हणाला, "सर, फळांची गाडी लावणारा." त्याचे उत्तर चूक म्हणवेना आणि बरोबरही म्हणवेना. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या उत्तरात आहे.

आमच्या शाळेमागे एक मोकळी जागा आहे. पूर्वी तिथे बाग होती असे म्हातारी माणसे सांगतात. मी रुजू झालो तेव्हा तिथे गुडघाभर कचरा होता. तो उपसण्याची गोष्ट शेवटी सांगेन. त्याआधी आपल्याच मुलखात उकिरड्याच्या बागा कशा झाल्या आणि बागांचे उकिरडे कसे झाले, हा इतिहास पाहू.

बागेपासून सुरू झालेले शहर

दौंडवरून रेल्वेने गेले की थोड्या वेळात अहमदनगर लागते. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. या शहराचा जन्म एका बागेत झाला, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. १४९० च्या मे महिन्यात मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला. जिथे विजय मिळाला तिथे त्याने एक महाल बांधला आणि भोवती बाग लावली. तीच 'बाग निजाम'. त्या लढाईलाच पुढे बागेचा विजय म्हणू लागले. शेजारी शहर उभे राहिले १४९४ पासून. पुढे हुसेन निजामशहाच्या काळात, १५५९ च्या सुमारास, बागेच्या जागी दगडी किल्ला उभा राहिला. तोच आजचा भुईकोट.

पुढच्या शंभर वर्षांत या शहराभोवती हश्त बिहिश्त, फराहबाग अशा एकाहून एक बागा झाल्या. फराहबागेचा महाल भर तलावात बांधलेला होता. तो १५८३ साली सलाबतखानाने पुरा केला. नगरची हवा कोरडी आणि पाऊस आपल्यासारखाच बेभरवशाचा. मग तलाव भरत कशाने? डोंगराच्या पायथ्याच्या विहिरींचे पाणी जमिनीखालून भाजलेल्या मातीच्या नळांनी शहरात आणलेले होते. त्यांना खापरी नळ म्हणतात. चढ नाही, पंप नाही. नुसत्या उताराच्या बळावर कोसच्या कोस पाणी चालत येई आणि वाटेत हौद, हमामखाने, बागा भरत जाई.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आधी नळ झाले, मग बाग झाली. ज्यांनी हा क्रम पाळला त्यांच्या बागा टिकल्या. १६३६ मध्ये निजामशाही संपली. नळांची दुरुस्ती करवून घेणारा धनी उरला नाही. एक खापर फुटले, गाळ बसला, पाणी आटले. पाणी गेल्यावर झाडे गेली, झाडे गेल्यावर माणसांची ये-जा थांबली. आणि ज्या जागी माणूस बसायला जात नाही, तिथे तो कचरा टाकायला जातो. फराहबागेचा महाल आज उभा आहे, पण भोवतालच्या बागेची केवळ कल्पनाच करावी लागते. बाग एका दिवसात मरत नाही. तिचा राखणदार जातो त्या दिवशी तिच्या मरणाला सुरुवात होते.

कैद्यांनी केलेली बाग

त्याच किल्ल्यात साडेचारशे वर्षांनी एक विलक्षण गोष्ट घडली. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना अटक झाली आणि कार्यकारिणीच्या सभासदांना गाडीने अहमदनगरला आणून किल्ल्यात ठेवले. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद त्यांत होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, डॉ. सय्यद महमूद आणि आपले शंकरराव देव हेही होते. मधे अंगण आणि भोवती खोल्या, एवढीच त्यांची दुनिया. सुरुवातीला वर्तमानपत्रही मिळेना.

अंगण कसे होते? नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त लिहून ठेवले आहे की तिथली माती अगदी वाईट होती. दगडगोटे, जुन्या बांधकामांचा राडारोडा आणि त्याहून जुन्या इमारतींचे अवशेष तिच्यात भरलेले होते. अशा जमिनीत हे थोर कैदी फुलांचे वाफे करू लागले. नेहरू तर भर उन्हातही तासन् तास खणत असत. माती खणता खणता आपण देशाचा भूतकाळही खणतो आहोत, असे त्यांना वाटू लागले, आणि १९४४ साली त्याच तुरुंगात तो ग्रंथ लिहून झाला.

वाचकहो, जागा कोणती ते आठवा. जिथे १४९० मध्ये बाग निजाम लागली, तिथेच हे चालले होते. ज्या राड्यारोड्यात नेहरूंची कुदळ अडखळे, त्यात त्या पहिल्या बागेच्या महालाचा एखादा चिरा नव्हताच असे कोण म्हणेल? या कामाला अंदाजपत्रक नव्हते, देणगीदार नव्हता, समिती नव्हती. होते ते रिकामे तास आणि मशक्कत करायची तयारी.

मौलाना आझादांनी या दिवसांत आपल्या एका स्नेह्याला उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडायची नव्हतीच. १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती प्रसिद्ध झाली. उर्दू जाणणाऱ्या प्रत्येक घरात हे पुस्तक असावे. वैराण अंगणात फुले कशी फुलली याचे वर्णन त्यात आहे. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी मौलानांची आधी लढाई आणि मग दोस्ती कशी झाली, याची मोठी गंमतीची हकीकत आहे. पाखरांना पावाचे तुकडे टाकणारे डॉ. महमूदही त्यात भेटतात.

आणि त्यात एक मोडकी कबरही आहे. अंगणाच्या उत्तर कडेला कुणाची तरी जुनी कबर होती. शेजारच्या कडुनिंबाच्या फांद्या तिच्यावर सावली धरायला बघत होत्या. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. भेटीसाठी सरकारकडे सवलत मागायला त्यांनी नकार दिला होता. दुःखाच्या त्या दिवसांत त्यांची नजर त्या अनोळखी कबरीकडे वळते. राडारोडा, कबर, कडुनिंब आणि फुलांचे वाफे हे सारे त्या एका अंगणात होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या वस्तीचे चित्र याहून फार वेगळे नाही. म्हणून मला ती पत्रे परकी वाटत नाहीत.

पुढाऱ्यांना ठेवलेल्या त्या खोल्या आज स्मारक म्हणून जतन केलेल्या आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. शाळेची सहल नेताना आधी परवानगीची चौकशी करून जरूर न्यावी.

माहीमचा उकिरडा

आता मुंबईला जाऊ. धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी, मुंबई महापालिकेची कचरा टाकायची जागा होती. वर्षानुवर्षे शहराची घाण तिथे पडली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कचरा टाकणे बंद झाले आणि निसर्गप्रेमी मंडळींनी कल्पना मांडली की या जागी जंगल करावे. ऐकणारे हसलेच असतील. जागा सुमारे ३७ एकर. खाली कुजता कचरा, वर उग्र वास. मुंबईत जमिनीचा भाव काय, हे सांगायला नको.

कचऱ्याचा तो डोंगर उचलून दुसरीकडे टाकला नाही. टाकणार तरी कुठे? एकाची घाण दुसऱ्याच्या दारात, एवढाच त्याचा अर्थ झाला असता. त्यावरच मातीचा थर घातला आणि झाडे लावली. १९८३ साली वृक्षारोपणाचा आरंभ झाला तो डॉ. सलीम अली यांच्या हस्ते. तेव्हा त्यांचे वय ८६ वर्षांचे होते. ज्या झाडाच्या सावलीत आपल्याला बसायला मिळणार नाही ते झाड त्यांनी लावले. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले. उद्यान लोकांना खुले झाले २२ एप्रिल १९९४ रोजी. आज ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून ओळखले जाते. धारावीच्या दाटीला लागून शेकडो जातींची झाडे, फुलपाखरे, पक्षी आणि पावसाच्या पाण्याचे तळे आहे. शाळांच्या सहली तिथे झाडांची नावे शिकायला जातात.

पहिल्या रोपापासून दार उघडेपर्यंत अकरा वर्षे लागली. पालकहो, पहिलीत घातलेले मूल अकरा वर्षांत अकरावीपर्यंत पोचते. मुलाच्या बाबतीत तेवढा धीर आपण धरतो, मग झाडाच्या बाबतीत पहिल्याच उन्हाळ्यात का कंटाळतो?

सलीम अलींविषयी विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईला झाला. लहानपणीच आईवडील गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळले. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथले चिटणीस मिलार्डसाहेब पोरावर रागावले नाहीत. त्यांनी पेट्या उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. त्या एका प्रश्नातून आयुष्य घडले. पुढे, पुरेशी पदवी नाही म्हणून सरकारी खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. तरी खचून न जाता अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. मूल विचित्र प्रश्न घेऊन येते तेव्हा त्याच्यावर ओरडायचे की पेटी उघडून दाखवायची, हे आपल्या हातात असते.

काबूल आणि कैरो

आपल्याकडे चारबाग आणणाऱ्या बाबराची गोष्टही या मालिकेत बसते. १५२६ साली पानिपत जिंकून तो आग्र्याला आला. तिथला धुरळा आणि उकाडा पाहून आधी त्याने रहाट बसवून वाहते पाणी केले, मग बाग आखली. क्रम तोच, नगरसारखाच. १५३० मध्ये तो आग्र्यात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे पुढे त्याला काबूलला, त्याच्या आवडत्या बागेत दफन केले.

१९९० च्या दशकातल्या यादवी युद्धात ती बाग दोन फौजांच्या मधे सापडली. पाणी बंद पडले, झाडे वाळली, उरलेली जळणात गेली. जमिनीत सुरुंग आणि न फुटलेले गोळे. २००२ नंतर आगाखान ट्रस्टने काम हाती घेतले. पहिले काम रोपे लावण्याचे नव्हते, सुरुंग काढण्याचे होते. मग सुमारे ११ हेक्टर जागेतली मातीची भिंत उभी राहिली, पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावरचा पाट वाहता झाला आणि सगळ्यात शेवटी झाडे लागली. भिंती घालायला, माती वाहायला आसपासच्या गरीब वस्तीतलेच लोक होते. त्यांना मजुरी मिळाली, आणि ज्यांनी घामाने बाग उभी केली ते तिचे राखणदार झाले.

कैरोचे उदाहरण याहून मोठे आहे. तिथल्या जुन्या शहराच्या कडेला पाचशे वर्षांच्या कचऱ्याचे डोंगर होते. ते उपसताना सुलतान सलाहुद्दीनच्या घराण्याच्या काळातला, बाराव्या शतकातला तट दीड किलोमीटरभर हाती लागला. कचऱ्याखाली शहर आपला इतिहासच विसरून गेले होते. २००५ साली तिथे ३० हेक्टरांचा अल-अझहर पार्क उघडला. त्याला कोट्यवधी डॉलर लागले. आपल्याला ते शक्य नाही, हे मान्य. मात्र कचरा उपसला की खाली काहीतरी आपले सापडते, एवढा धडा फुकट मिळतो.

साताऱ्याची शाळा

पैशाविना काय होते हे पाहायला काबूल-कैरोपर्यंत जायचीही गरज नाही. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले तिथे एकत्र राहात, एका पंक्तीला जेवत. १९२७ साली गांधीजी आले आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. वसतिगृहाची जागाही 'धनिणीची बाग' या नावाची. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. मुले स्वयंपाक करीत, खडी फोडीत, माती खणत आणि शिकत. कमवा आणि शिका, हे ब्रीद घोषणेपुरते नव्हते. मुलांच्या हातांना खरोखरच घट्टे पडत. त्या हातांनीच पुढे न्यायालये, कचेऱ्या आणि महाविद्यालये सांभाळली.

आमची मागची जागा

आता आमच्याकडे वळतो. शाळेमागची ती जागा साधारण चार गुंठे असेल. एका बाजूला कब्रस्तानची भिंत, दुसऱ्या बाजूला वस्ती. प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या, जुन्या चपला, पाडलेल्या भिंतीच्या विटा, लग्नातल्या पत्रावळ्या, सारे तिथे येऊन पडे. एके दिवशी चेंडू आणायला गेलेल्या पाचवीतल्या मुलाच्या पायात काच गेली आणि चार टाके पडले. त्या दिवशी आम्ही शिक्षक मंडळींनी ठरवले की आता हे पुरे झाले.

शाळेकडे पैसा नव्हता. छताच्या गळतीला आलेली रक्कम छतालाच लागणार होती आणि ते योग्यच होते. आम्ही वर्गणी काढली. हिशेब लपवायचा नाही म्हणून येथे देतो. जमा : शिक्षकांचे ३,००० रुपये, एका पालकांचे १,००० आणि कचऱ्यातून निवडलेले भंगार विकून आलेले १,७४०, एकूण ५,७४०. खर्च : ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चार खेपा २,८००, फावडी, घमेली आणि जाड हातमोजे १,२५०, रोपे ६४०, जुनी रबरी नळी ७००, एकूण ५,३९०. शिल्लक ३५० रुपये. ते ३५० रुपये आम्हाला फार मोठे वाटले.

काच आणि पत्रा मोठ्यांनीच उचलायचा, मुलांनी हात लावायचा नाही, हा पहिला नियम केला. मग चार ढीग केले. विकण्याजोगे, कुजणारे, विटा-दगड आणि खरोखरच फेकून देण्याजोगे. चौथा ढीग चारच ट्रॉल्यांत मावला. पूर्ण जागा उपसायला वीस ट्रॉल्या लागतील असा आमचा अंदाज होता. विटांच्या कडा आणि पायवाट झाली. कुजणाऱ्याचा खड्डा झाला, त्यात एका शेतकरी पालकांनी दिलेले उसाचे पाचट आणि शेण गेले. पावसाळ्यानंतर तेच खत हाती आले. कचरा म्हणजे बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडलेला माल, हे मुले पुस्तकाविना शिकली.

सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. तिसऱ्याच दिवशी एक आई शाळेत आली. रागाने म्हणाली, "सर, पढनेकू भेजते हमारे बच्चेकू, झाडू मारनेकू नै." तिचे दुःख मला कळत होते. ती स्वतः चार घरची झाडलोट करून मुलाला शिकवते. तोच झाडू मुलाच्या हातात दिसल्यावर तिच्या काळजात काय झाले असेल! मी तिला साताऱ्याची गोष्ट सांगितली, नगरच्या किल्ल्यातली सांगितली. तिला ती कितपत पटली कोण जाणे. मात्र आम्ही एक सुधारणा केली. त्या दिवसापासून दर शनिवारी पहिला झाडू शिक्षकांनी हातात घ्यायचा, मुलांनी नंतर. मोठ्या सरांनी स्वतः तो पायंडा पाडला. पुढे त्याच बाईंनी घरून मेंदीच्या फांद्या कुंपणाला आणून दिल्या.

दुसरी चूक मात्र सर्वस्वी आमची. जुलैत आम्ही ४० रोपे लावली. फोटो काढले, पाहुणे आले, भाषणे झाली. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि प्रत्येकाला वाटले की पाणी दुसरा कोणीतरी घालतो आहे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा १७ रोपे जळून गेली होती. इतिहासाचा शिक्षक असूनही निजामशहांच्या बागा कशाने गेल्या हे मी विसरलो होतो. झाड आधी आणि पाणी मागाहून, असा आमचा क्रम उलटा झाला होता.

तेव्हा वस्तीतले एक वृद्ध बागवान चाचा आपण होऊन आले. आयुष्यभर त्यांनी पेरूची आणि सीताफळांची पाटी विकली, त्याआधी त्यांचे वडील दुसऱ्याच्या मळ्यात फळझाडे राखीत. त्यांनी मडकी आणायला सांगितली. प्रत्येक रोपाच्या आळ्यात एक मडके गळ्यापर्यंत पुरले, बुडाशी बारीक भोक पाडून चिंधीची वात घातली, वर झाकण ठेवले आणि आळ्यात पाचट पसरले. एकदा मडके भरले की चार-पाच दिवस ओल राही. वजूच्या हौदावरून वाया जाणारे पाणी नालीत न सोडता मागच्या टाकीत घ्यायची कल्पनाही त्यांचीच. रोपेही बदलली. शोभेची नाजूक झाडे सोडून कडुनिंब, करंज, चिंच, शेवगा आणि सीताफळ लावले. चाचा म्हणाले, "सर, दोन वर्षे आपण त्याला द्यायचे, मग ते आपल्याला देते." दुसऱ्या उन्हाळ्यात फक्त तीन रोपे गेली. सुट्टीतल्या पाण्याची पाळी आता फळ्यावर नावानिशी लिहिली जाते. 'सर्वांनी' असे तिथे कोणी लिहीत नाही.

राखणदार

त्या चाचांमुळेच मला वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. फारसीत 'बान' किंवा 'वान' हा प्रत्यय राखणारा या अर्थाने येतो. दाराची राखण करतो तो दरवान, बागेची राखण करतो तो बागवान. बाग लावणारा आणि बागेचा मालक हे निराळे. बाग लावायला एक सकाळ पुरते, राखायला रोजची संध्याकाळ लागते. निजामशहा मालक होते. ते गेले आणि बागाही गेल्या. काबूलची बाग परतली, कारण तिथल्या गरिबांनी ती राखायला घेतली. माहीमचा उकिरडा हिरवा झाला, कारण अकरा वर्षे कोणीतरी राखण केली.

पालक बंधू-भगिनींनो, शाळासुद्धा अशीच असते. इमारत बांधायला देणगीदार मिळतात, कोनशिलेवर त्यांची नावे लागतात, आणि लागावीत. परंतु मूल नववीत शाळा सोडू नये म्हणून त्याच्या घरी तीनदा जाणारा, मुलीचे नाव दहावीनंतर काढून घेऊ नका म्हणून हात जोडणारा, रात्री अभ्यासाला दिवा आणि कोपरा देणारा, हे सारे राखणदार आहेत. त्यांची कोनशिला नसते. आपल्याकडे रोपे पुष्कळ लागतात, मे महिन्यात पाणी घालायला माणूस कमी पडतो. रस्त्यातला काटा बाजूला करणे आणि पाखरांना उपयोगी पडेल असे झाड लावणे हा सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते ऐकलेले करून दाखवायला चार गुंठे आणि पाच हजार रुपये पुरले.

या वर्षी आमच्या शेवग्याला शेंगा लागल्या. त्या शाळेच्या आमटीत पडल्या. करंजावर एका पक्ष्याने घरटे केले आहे. पक्षी कोणता यावर सहावीच्या वर्गात वाद चालू आहे. मी उत्तर सांगितलेले नाही. ग्रंथालयातले सलीम अलींचे पुस्तक मात्र काढून टेबलावर ठेवले आहे.

आणि तो बागवान मुलगा? मडक्यांच्या पाळीच्या यादीत पहिले नाव त्याचे आहे. परवा पाहुण्यांनी त्याला विचारले, "तू इथे काय करतोस?" तो म्हणाला, "मी बागवान आहे." आडनाव सांगितले की काम, हे पाहुण्यांना कळले नाही. मला कळले.